धर्माशिवाय समाजाची भरभराट होते काय? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी जरूर लिहा)

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा ठरली आहे. गाव बेळगाव तालुक्यातलं, नाव सांगत नाही, मला गावातच राहायचं आहे. इकडच्यांना समजावायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. ही दरवर्षीची जत्रा नव्हे. कुठे बारा वर्षांनी, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी, काही गावांत त्याहूनही उशिरा येते. रथ बांधायचा, होन्नाट (भंडारा उधळत देवी नाचवायचा खेळ) खेळायचा, ओट्या भरायच्या आणि तितके दिवस गावात पाय ठेवायला जागा नाही इतके पाहुणे. यात्रेच्या आधी वार पाळायचे, म्हणजे मंगळवार-शुक्रवार शेतात औत नाही.

घरटी पट्टी बसते. पण पट्टी हा खर्चातला लहान आकडा. खरा खर्च घराचा रंग, मांडव, माहेरवाशिणींच्या साड्या आणि मटण. मी एका सोसायटीत क्लार्क आहे. यात्रा जवळ आली की कर्जाचे अर्ज कसे वाढतात ते माझ्याच टेबलावर दिसतं. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी 'घरदुरुस्ती' लिहिलेलं असतं. कुणाचंही घर पडलेलं नसतं.

देवस्की पंचांच्या, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांच्या, बैठकीत एका कॉलेजच्या पोराने सरळ विचारलं, "यात्रा केली न्हाई तर गावाचं काय वाईट होतंय?" मला वाटलं आता राडा होणार. पण एक म्हातारे अण्णा शांतपणे म्हणाले, "आणि केल्यावर काय चांगलं होतंय, ते तरी कुणाला म्हाईत हाय?" मग विषय रथाच्या लाकडावर गेला.

मला हा प्रश्न जरा मोठा करून इथे टाकायचा आहे. देवधर्म बाजूला ठेवून समाज सुखासमाधानाने, पैशापाण्याने वर येऊ शकतो काय? की धर्म काढला की खालची फरशीच निघते? माझं मत आत्ता देत नाही. शिव्या नकोत, पक्ष नकोत. सीमाप्रश्न आला तर येऊ दे, तो न बोलावता येतोच.

---

सुशिक्षित_बेकार

स्वीडन, डेन्मार्क, चेक प्रजासत्ताक, जपान. संपला धागा. उत्तर: होय.

देवळात जाणारे थोडे, लाच खाणारे थोडे, पोरं शाळेत, म्हातारे पेन्शनवर. आपल्याकडे प्यू या अमेरिकी संस्थेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात ९७ टक्के लोकांनी देव मानतो म्हणून सांगितलं. आता एकदा पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला गाडी घालून बघा आणि त्या ९७ टक्क्यांचा उपयोग काय झाला ते सांगा.

---

पॉपकॉर्न_पांडू

+१. मी कडेला बसतो, चालू द्या.

---

शहापुरी_माग

बेकारभाऊ, स्वीडनचं नाव सगळे घेतात, स्वीडनचा इतिहास कुणी घेत नाही.

१६८६ साली तिथे चर्चचा कायदा झाला. घरातल्या सगळ्यांना, बायका आणि गडीमाणसांनासुद्धा, वाचता आलंच पाहिजे. कशासाठी? धर्माची प्रश्नोत्तरावली वाचण्यासाठी. पाद्री वर्षाला घरोघरी फिरून परीक्षा घ्यायचा आणि कोण वाचतो, कोण अडखळतो ते वहीत मांडायचा. वाचता येत नसेल तर प्रभुभोजन नाही, लग्नालाही अडथळा. सरकारी शाळा यायच्या दीडशे वर्षं आधी शेतकऱ्याची पोरगी वाचत होती, ती पाद्र्याच्या धाकाने. पुढचे कारखाने, पेन्शन, सहकारी दुकानं या वाचणाऱ्या लोकांनी उभी केली.

आणि तिथे धर्म 'नव्हता' कधी? १९५१ पर्यंत दुसऱ्या मान्य धर्मपंथात गेल्याशिवाय स्वीडिश माणसाला चर्च सोडताही येत नव्हतं. सरकार आणि चर्च वेगळे झाले ते २००० साली. आजही निम्म्याच्या आसपास लोक चर्चचे सभासद आहेत, वर्गणी सरकारी कर खात्यामार्फत कापली जाते. स्टॉकहोमसारखा अपवाद सोडला तर दफनभूमी चर्चच सांभाळतं, नास्तिकाचीसुद्धा, आणि त्याचा आकार सगळे भरतात. आपल्या बेळगावात स्मशान महापालिकेचं आणि त्या निधर्मी देशात चर्चचं. बसा आता डोकं धरून.

उलटं उदाहरण हवं तर अल्बानिया घ्या. १९६७ मध्ये जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणून जाहीर केलं. मशिदी, चर्च बंद केले, काहींची गोदामं केली. १९९० मध्ये बंदी उठली तेव्हा तो युरोपातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. म्हणजे धर्म काढल्याने भरभराट होते असंही नाही.

अमेरिका तर राहिलीच. पैसा आणि प्रार्थना दोन्ही भरपूर.

---

सुशिक्षित_बेकार

काका, तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. चर्चने वाचायला शिकवलं, लोक वाचायला लागले, आणि वाचल्यावर चर्चला जायचं सोडलं. आम्हाला तेवढंच पाहिजे. आमच्याकडे पहिली पायरीच झाली नाही. देवाने आम्हाला वाचायला कधी लावलं? उलट कुणी वाचायचं नाही याचीच यादी दिली.

---

कृष्णभक्त_१०८

धर्म नसेल तर माणूस जनावर. सनातन होतं म्हणून हा देश टिकला. बाकी सगळं पाश्चात्त्यांचं खूळ.

---

पॉपकॉर्न_पांडू

आले.

---

घटप्रभा

धागा वाचला. भरभराट कुणाची, हे अजून कुणी विचारलेलं नाही म्हणून लिहिते.

मी सौंदत्तीच्या बाजूची, सासर गोकाक तालुक्यात. आमच्याकडे यल्लम्माच्या डोंगरावर पुनवेला लाखांनी माणूस येतो. बैलगाड्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो. लिंबाचा पाला, भंडारा, परड्या, डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेतलेल्या बायका. मार्गशीर्षात रांडाव पुनव होते. त्या दिवशी देवी विधवा झाली म्हणून डोंगरावर बांगड्या फोडतात. माघात अहेव पुनवेला परत भरतात. देवीचं वैधव्य दोन महिन्यांत संपतं. तिच्या नावाने सोडलेल्या पोरींचं तसं संपत नव्हतं.

कुणाच्या पोरी सोडायचे? पाटलाच्या कधी बघितल्या नाहीत मी. केसात जट आली, घरात मुलगा नाही, बाप आजारी पडला, की गरीबाघरची पोरगी गळ्यात मणी बांधून देवीला, म्हणजे देवदासी. पुढे तिची भाकरी गावातली मोठी घरं ठरवणार. त्या घरांची भरभराट झाली की हो, धर्मानेच झाली. यात्रेचा बाजार, भंडाऱ्याची दुकानं, लॉज, सगळं चाललं.

मुंबई इलाख्यात १९३४ ला याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ ला स्वतःचा केला. कायद्याने लगेच थांबलं नाही. थांबायला लागलं ते या बायकाच उभ्या राहिल्यावर. घटप्रभेत माजी देवदासींनी स्वतः चालवलेली संस्था १९९७ पासून आहे. तिच्यातल्या बायका पुनवेला डोंगरावर जाऊन उभ्या राहायच्या आणि कुणी पोरगी आणलीय काय ते बघायच्या.

आता माझं मत. त्या बायकांनी यल्लम्मा सोडली नाही. बऱ्याच जणी आजही पुनवेला नैवेद्य करतात. देवी राहिली, मणी गेले. म्हणून मला 'धर्म हवा की नको' हा प्रश्न पुरुषांचा वाटतो. आमचा प्रश्न असा असतो की यातलं काय कापायचं आणि सुरी कुणाच्या हातात द्यायची.

---

शहापुरी_माग

अक्का, या प्रतिसादापुढे माझा स्वीडन फिका आहे.

---

खानापूर_रान

आमच्या बाजूने एक बारकी गोष्ट. धागाकर्त्याने वार पाळायचं लिहिलंय. आमच्या गावात यात्रेच्या वर्षी वार पाळले तेव्हा मी पण कुरकुर केली होती, भाताची कामं अडतात म्हणून. पण आमची आई म्हणाली, जन्मात पहिल्यांदा आठवड्यातनं दोन दिवस रानात जायचं नाही हे कुणीतरी सांगितलं. सासू नाही, नवरा नाही, देवी म्हणाली म्हणून कुणाची टाप नव्हती बोलवायची. रोजगार बुडाला तो भाग वेगळा, मजुरी करणाऱ्या बाईला तो जड गेलाच.

आमच्यासाठी रविवारची सुट्टी कुठल्या कायद्यात आहे, सांगा बघू.

---

निपाणी_वखार

निपाणीकर बोलतोय, तर तंबाखूचं बोलणार.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला होता. शरद जोशींचं आंदोलन. नुसता रास्ता रोको नव्हे, रस्त्यावर गावच वसवलं होतं, आंदोलननगर म्हणायचे. गावोगावहून भाकऱ्या यायच्या. मराठी आणि कन्नड, लिंगायत, जैन, मराठा, मुसलमान, सगळे तंबाखूवाले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, १२ शेतकरी मेले. त्याच्याच आगेमागे वखारीतल्या बायकांनी युनियन बांधली. दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात बसणाऱ्या बायका, ज्यांना मालक नावाने हाकही मारत नसे.

यात धर्म कुठे होता? कुठेच नाही. हितसंबंध एक होते, माणसं एक झाली. म्हणून माझं उत्तर बेकारभाऊंच्या बाजूने.

पण सगळं सांगायचं तर हेही सांगतो. आमच्याकडे दसऱ्यानंतर कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा असते. पहाटे भाकणूक होते, पाऊस, पीक, राजकारण, लढाया, सगळं भविष्य सांगतात. मोबाइल वर धरून रेकॉर्ड करणारी शेकडो माणसं, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. आमचा सहकारी साखर कारखानाही हालसिद्धनाथाच्याच नावाचा. शेतकरी भाकणूक मान हलवत ऐकतो, आणि ऊस घालताना एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) किती, तोडणी-वाहतूक किती कापणार, शेजारचा कारखाना काय देतोय हे बघून घालतो. नाथाने सांगितलं म्हणून कमी दराला ऊस घातलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमचा धर्म पहाटेचा आहे, व्यवहार नऊनंतरचा.

---

बोर्डिंगचा_पोरगा

निपाणीचा विषय निघालाच आहे तर तवंदी घाटाजवळच्या स्तवनिधीचं नाव घेतलंच पाहिजे. १८९९ साली तिथल्या जैन यात्रेत दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. काम काय? बोर्डिंगं काढणं. कोल्हापूर, सांगली, बेळगावात माणिकबाग. खेड्यातल्या शेतकरी जैनाचा पोरगा शहरात शिकला तो या बोर्डिंगांमुळे. इकडे लिंगायत मठांनी तेच केलं. बेळगावची केएलई संस्था १९१६ ला सात शिक्षकांनी काढली, तिच्या मागेही समाजाचे दानशूर होते. सेंट पॉल्स १८५६ पासून आहे, जेझुइट पाद्र्यांचं. बेळगावात शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या शिक्षणाच्या मुळाशी कुठेतरी मठ, मिशन नाहीतर सभा निघेल. सरकारने एवढं केव्हा केलं होतं?

माझं स्वतःचं शिक्षण अशाच एका ठिकाणी झालं. फी जवळजवळ नव्हती. सकाळी प्रार्थना चुकवली की नाश्ता बंद, एवढीच अट. प्रार्थनेचा मला काही उपयोग झाला नाही, नाश्त्याचा झाला.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. भाऊराव पाटील, आपले कर्मवीर, जन्माने जैन. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्या समारंभाला हे गेले. परत आल्यावर अंघोळ करून आत यायला सांगितलं. यांनी नकार दिला. बोर्डिंगमधून काढलं. सांगणारे अण्णासाहेब लठ्ठे, स्वतः सुधारक माणूस, शाहू महाराजांच्या जवळचे, पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. सुधारकाने सुधारकाला अंघोळीपायी काढलं!

मग भाऊरावांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग. त्याला पुढे गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं. त्या बोर्डिंगचा धर्म कुठला ते मला सांगता येत नाही. पण जैन बोर्डिंग नसतं तर भाऊराव कोल्हापुरात शिकायला राहिले कुठे असते, तेही सांगता येत नाही.

---

सुशिक्षित_बेकार

नाश्त्याचा मुद्दा पटला. धर्म ठेवावा, पण मेसपुरता.

---

भीम_हलगी

सगळे वाचून लिहितोय. आमची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला. यात्रेत आमचा मान हलगीचा. मान म्हणायचं, पण रथाच्या पुढं वाजवायचं आणि देवळाच्या पायरीपाशी थांबायचं. आता बऱ्याच गावांत बदललंय. आमच्या गावातही पोरांनी हलगी वाजवायचं सोडलं, डीजे आला. डीजेला जात नसते, तेवढा एक फायदा.

बाबासाहेब एप्रिल १९२५ ला निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेला आले होते. तेव्हापासून आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरात एक वाद चालत आला, देव ठेवायचा की सोडायचा. १९५६ ला काहींनी सोडला, बुद्ध घेतला. काहींनी यल्लम्मा आणि बाबासाहेब दोघांचे फोटो एका भिंतीवर लावले. आमच्या घरात दोन्ही आहेत, आजी असेतोवर हलणार नाहीत.

नास्तिक मंडळी बाबासाहेबांना आपल्या गटात ओढतात, म्हणून सांगतो. ते धर्म नकोच म्हणाले नाहीत. माणसाला माणसाशी बांधणारी नीती समाजाला लागतेच, नुसत्या पोलिसांच्या जोरावर समाज चालत नाही, हे त्यांचं म्हणणं. कुठल्या नियमाने कुणाला पायरीपाशी थांबवलं ते तपासा आणि ते फेकून द्या, हेही त्यांचंच.

आणि भीती. धर्म सोडायला बुद्धी कमी आणि धाडस जास्त लागतं. काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी दर ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात रात्र काढतात, हजारो लोक येतात, तिथेच जेवतात. कुणाला भूत लागलं नाही, आणि ते यमकनमर्डीतून निवडूनही येत राहिले. म्हणजे मत देणारा माणूस समजतो तेवढा भित्रा नाही. पण ज्या कलबुर्गी सरांनी धारवाडात बसून वचनांचा अभ्यास केला, त्यांना ३० ऑगस्ट २०१५ ला दारात गोळी घातली. कोल्हापूरचे पानसरे त्याच वर्षी फेब्रुवारीत. या पट्ट्यात हा प्रश्न घरात बसून चर्चेचा नाही, एवढं ध्यानात ठेवून लिहा.

---

कृष्णभक्त_१०८

हत्येचं समर्थन कुणीच करत नाही. पण हे सगळे फक्त हिंदूंनाच प्रश्न का विचारतात?

---

भीम_हलगी

कारण रथ आमच्या गल्लीवरनं जातो, दादा. आपल्या दारातनं जाणाऱ्यालाच माणूस प्रश्न विचारतो.

---

मार्कंडेय_काठ

इतकं चांगलं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता माझं मत मांडतो. जरा लांब आहे.

लोकांनी धर्म सोडला की भरभराट होते, की भरभराट झाली की लोक धर्म सोडतात? समाजशास्त्रातला एक गट म्हणतो, दुसरं खरं. पोर जगेल याची खात्री, म्हातारपणी पेन्शन, आजारात दवाखाना, नोकरी गेली तर चार महिने घर चालेल एवढा भत्ता. हे सगळं मिळालं की माणूस देवाशी भांडत नाही, नुसता जायचं विसरतो. स्वीडनमध्ये कुणी मूर्ती फोडल्या नाहीत. शहापुरी काकांनी सांगितलेली पाद्र्याची वही होती, ती हळूहळू सरकारची झाली. माणसाचा जन्म, मरण, शिक्षण, आजारपण, सगळ्याची नोंद ठेवणारा बदलला आणि लोकांचा भरवसा त्याच्या मागोमाग गेला.

आता आमच्याकडे बघा. भरवसा हलवायचा तर कुणाकडे? आम्हाला सरकारं दोन. एक म्हणतं तुम्ही आमचे, पण कागद कन्नडात आणा. दुसरं म्हणतं तुम्हीही आमचेच, पण कोर्टाचा निकाल लागू द्या. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, लगेच कर्नाटकाने हरकत घेतली. माझ्या गावातल्या बाईला गर्भपिशवीचं ऑपरेशन करायचं होतं. तिने दोन्ही राज्यांच्या योजनांची चौकशी केली, कागद गोळा केले, शेवटी भिशीतून पैसे उचलले आणि देवीला साडी बोलली. तिला अंधश्रद्ध म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरं मला बैठकीत बसल्यावर जाणवलं. देवस्की पंचांची मीटिंग मराठीत, इतिवृत्त मराठीत, पट्टीची पावती मराठीत. गावात अशी दुसरी जागा सांगा. पंचायतीची नोटीस कन्नडात. तलाठ्याकडचा उतारा कन्नडात. मराठी शाळा आहे, एसडीएमसी (शाळेची पालक समिती) आहे, पण वरून येणारं पत्र कन्नडात आणि पटावरची पोरं वर्षागणिक इंग्रजी माध्यमाला. सोसायटीतसुद्धा ऑडिटचा फॉर्म मराठीत भरत नाही मी. मराठी माणसाने सार्वजनिकरीत्या मराठीत भांडावं, ठराव करावा, हिशोब मागावा, अशी उरलेली जागा देवळाचा मंडप आहे. आमच्याकडून धर्म काढला तर देव जाईल की नाही माहीत नाही, पण तो मंडप जाईल.

म्हणून माझं उत्तर: होय, समाज धर्माशिवाय भरभराटीला येतो, पण आधी दुसऱ्या कुणीतरी त्याची वही सांभाळायला घ्यावी लागते. आमच्याकडे अजून कुणी घेतलेली नाही.

---

सुशिक्षित_बेकार

मंडपाचा मुद्दा जोरात आहे, पण घातकही आहे. म्हणजे भाषा टिकवायला देव वापरायचा? मग गावातला मुसलमान? आमच्या पलीकडच्या गल्लीत बागवानांची घरं आहेत. दोन पिढ्या मराठी शाळेत शिकले, माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. त्यांनी तुमच्या मंडपात येऊन मराठीत भांडायचं काय? मंडप मराठीचा असेल तर तो फक्त हिंदू मराठीचा झाला.

साहित्य संमेलनं विसरलात? कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. खेड्यात वर्षानुवर्षं भरतात, स्वतःच्या पैशाने, तिथे देव लागत नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे.

---

खानापूर_रान

संमेलनाला देव लागत नाही? ग्रंथदिंडी काय असते मग? पालखी, टाळ-मृदंग, वारकरी, बायका डोक्यावर तुळस घेऊन. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा. देव काढून नुसता अध्यक्ष ठेवला तर गावातली निम्मी माणसं घरातनं बाहेर पडणार नाहीत. अध्यक्षांना वाईट वाटू देऊ नका.

बागवानांचा मुद्दा मात्र खरा. आमच्याकडे पूर्वी मोहरमला ताबुतापुढं मराठे नाचायचे, पिराला नवस मराठेच जास्त करायचे. आता दोन्हीकडचे शहाणे झालेत.

---

शहापुरी_माग

वहीचाच मुद्दा असेल तर वही उघडी करा. सोसायटीला ऑडिट लागतं, देवळाला का नको? सौंदत्तीचं देवस्थान मुजराई, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडे आहे, कर्नाटकाचा १९९७ चा कायदा आहे. गावच्या देवळाचा लाखोंचा हिशोब पंचांच्या बंडीच्या खिशात असतो. पट्टी न देणाऱ्याला गावकीतून बाजूला टाकायचं आणि पट्टी कुठे गेली विचारणाऱ्यालाही बाजूला टाकायचं. हे असेपर्यंत 'मंडप लोकशाहीचा' वगैरे बोलू नये. शाळेचं छप्पर गळतं आणि रथाला सागवान, हे माझ्या आजोळच्या गावात डोळ्यांनी बघितलंय.

---

मार्कंडेय_काठ

काका, मुजराईला दिलं की हिशोब उघडा होईल, पण कन्नडात, आणि पंचांच्या जागी अधिकारी. गाव हे मरेपर्यंत करणार नाही. मला गावातच ऑडिट करायचंय. सोसायटीत जे करतो तेच, पावती पुस्तकाचे नंबर, रोजकीर्द, दर महिन्याला फळ्यावर जमा-खर्च. शाळेच्या छपराचा मुद्दा मी मांडला होता. पंच म्हणाले, शाळा सरकारची. मी विचारलं, कुठल्या? कुणी उत्तर दिलं नाही.

---

घटप्रभा

एक विचारते, राग मानू नका. तुमच्या पंचांत बायका किती आहेत? आणि भीमभाऊंच्या गल्लीतले किती?

---

पॉपकॉर्न_पांडू

आता मी सरसावून बसतो.

---

मार्कंडेय_काठ

राग कसला अक्का. बाई एकही नाही. खालच्या गल्लीतला एक आहे, तो बसतो पण बोलत नाही, बोलला तर त्याचं म्हणणं इतिवृत्तात येत नाही. मी गेल्या यात्रेची वही काढून बघितली.

ओट्यांच्या साड्या, खण, दक्षिणा यांची वही मात्र बायकांकडे असते. एक म्हातारी काकू ठेवतात, चौथीपर्यंत शिकलेल्या. ती पंचांच्या वहीपेक्षा चोख आहे, कुणाची साडी कुणाला दिली तेसुद्धा लिहिलंय. दोन्ही वह्यांचा मेळ आजपर्यंत कुणी घातलेला नाही. ती वही बैठकीत मागणार आहे आणि काकूंनाच घेऊन यायला सांगणार आहे.

खालच्या गल्लीला पट्टी वरच्या गल्लीइतकीच बसते. रथाच्या दोराला हात लावायला त्यांना मिळणार की नाही, यावर मागच्या वेळी ऐनवेळी वाद होऊन पोलीस आले होते. ते आधी ठरवायचं, लेखी, पंचांच्या सह्या घेऊन. त्याशिवाय पट्टी गोळा करायला मी फिरणार नाही असं सांगितलंय.

---

भीम_हलगी

हे झालं तर कळवा. आणि दोराला हात लावायचा की नाही ते आमची पोरं ठरवतील, परवानगी कागदावर असली म्हणजे झालं. बऱ्याच जणांना लावायचाच नाही.

---

शहापुरी_माग

लेखी घेणार ते मराठीत की कन्नडात?

---

मार्कंडेय_काठ

दोन्हीत. पोलीस आले तर त्यांना वाचता आलं पाहिजे.